चौसष्ट मते

बुद्धिबळाच्या पटावर घरे चौसष्ट आणि मोहरे बत्तीस, हे तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. परंतु २०२१ सालच्या जानेवारी महिन्यात याच दोन संख्या एका निराळ्या पटावर एकत्र आल्या होत्या. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची निवडणूक होती. मतदानास पात्र अशा राज्यसंघटना बत्तीस होत्या. प्रत्येकीस दोन मते. म्हणजे एकूण मते चौसष्ट. मोजणी संपली तेव्हा अध्यक्षपदाच्या एका उमेदवारास ३३ आणि दुसऱ्यास ३१ मते पडलेली आढळली. एवढ्या विस्तीर्ण देशातील बुद्धिबळाचा कारभार कोणी पाहावा, याचा निकाल दोन मतांनी लागला.

क्षणभर हिशेब करून पाहा. विजयी उमेदवाराच्या बाजूच्या एखाद्या राज्याने आपली दोन्ही मते दुसऱ्या पारड्यात टाकली असती, तर ३३ चे ३१ आणि ३१ चे ३३ झाले असते. ते राज्य गोव्याइतके लहान असते तरी हाच परिणाम झाला असता आणि उत्तर प्रदेशाइतके मोठे असते तरी हाच झाला असता. ज्या राज्यात खेळाडूंची दाटी आहे त्याला दोन मते, आणि ज्या राज्यात स्पर्धांस जाणारी मुले बोटांवर मोजता येतील त्यालाही दोनच! हा न्याय म्हणावा की अन्याय? वर्गात हा प्रश्न विचारला की मुलांचे लागलीच दोन तट पडतात. त्यांत आपण कोणत्या तटात बसणार, हे ठरविण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

दोघांनी समोरासमोर बसून खेळावयाचा हा खेळ. त्याला मैदान लागत नाही, पंच बहुधा लागत नाही. मग त्याला अखिल देशाची संघटना तरी कशाला हवी? याचे उत्तर खेळाच्या नियमांतच सापडते. आज आपण जे बुद्धिबळ खेळतो ते जसेच्या तसे आपल्या पूर्वजांचे नव्हे. खेळाचा उगम भारतात झाला, हे खरे. परंतु जगभर फिरून तो परत आला तेव्हा त्याचे काही नियम पालटलेले होते. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर पुढे सरके; दोन घरांची मुभा त्याला बहुतेक ठिकाणी नसे. प्यादे पटाच्या शेवटच्या पट्टीवर पोचले म्हणजे त्याचा वजीरच होई असे नाही. ते ज्या उभ्या पट्टीत असेल त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. राजाला आपल्या सुरक्षिततेसाठी एकदाच घोड्याची उडी घेता येत असे. शिवाय या नियमांतही प्रांतोप्रांती पोटभेद होते. एका गावचा निष्णात खेळाडू दुसऱ्या प्रांतात गेला, तर पहिला अर्धा तास नियम ठरविण्यातच जावयाचा. आणि कोणाचा नियम खरा, हे सांगणारा तिसरा कोणी नाही.

या अडचणीचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातील एका खेड्यात वाढलेला हा तरुण देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकला होता. १९२८ साली त्याने अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले आणि पुढील वर्षी सर उमर हयात खान यांच्याबरोबर तो इंग्लंडला गेला. पाश्चात्त्य नियम त्याला नवे होते. ज्या सुरुवातींवर युरोपातील खेळाडूंनी ग्रंथ लिहिले होते, त्या त्याने कधी वाचल्या नव्हत्या. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची माळ त्याच्या गळ्यात पडली! नंतर तो मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, २०२४ साली, जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली. त्याच्या काळी देशात खेळाडूंच्या पाठीशी उभी राहणारी बळकट संघटना असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एका श्रीमंत आश्रयदात्याच्या मर्जीवर त्याचा सारा प्रवास अवलंबून होता.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला तो १९५१ साली. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू या गावी भरली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे दोघे तीत संयुक्त विजेते ठरले. पुढे १९६१ साली मॅन्युएल एरन हे आंतरराष्ट्रीय मास्टर ही पदवी मिळविणारे पहिले भारतीय झाले, आणि १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद पहिले भारतीय ग्रँडमास्टर झाले. हा इतिहास तुम्ही अन्यत्र वाचाल. आपल्याला येथे पाहावयाचे आहे ते एलुरू हे गाव. ते कोलकाता-चेन्नई लोहमार्गावर आहे. तेव्हाच्या मद्रासच्या खेळाडूने रात्री गाडीत पाऊल ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तेथे उतरावे. श्रीनगरच्या किंवा इंफाळच्या खेळाडूस मात्र तेवढ्यासाठीच कित्येक दिवस प्रवास करावा लागणार. त्याचा खर्च, अंगावरचा शीण आणि नोकरीतील रजा ही निराळीच. स्पर्धा कोठे भरवावी, हा वरकरणी साधा वाटणारा प्रश्न. पण त्याच्या उत्तरावर कोण खेळावयास येणार आणि कोण घरी बसणार, हे ठरते. मग निवड-चाचणी कोठे घ्यावयाची, शिक्षणवर्ग कोणत्या शहरी चालवावयाचे, परदेशी जाणाऱ्या संघाबरोबर मार्गदर्शक म्हणून कोणाला धाडावयाचे, निधी कसा वाटावयाचा, असे प्रश्न रांगेने उभे राहतात. हे सारे जी मंडळी ठरवितात त्यांना आपण कार्यकारिणी म्हणतो. त्या मंडळींत ईशान्येचा एकही माणूस नसेल, तर गुवाहाटीहून निघालेली गाडी किती तासांनी कोठे पोचते, हे त्या बैठकीत कोणी सांगावे? कोणाच्या मनात वाईट नसतानाही अशा वेळी अन्याय घडतो.

तेव्हा कार्यकारिणी देशाच्या सर्व विभागांची असावी, यावर सहसा कोणाचे दुमत होत नाही. मतभेद होतात ते ती निवडावी कशी, यावर.

सर्वांत सोपी वाटणारी रीत घ्या. समजा, मतदार १०० आहेत आणि जागा ५. प्रत्येक मतदाराने पाच नावांपुढे खुणा कराव्यात. ज्या पाच जणांस अधिक मते, ते निवडून आले. यात गैर काय? आता समजा, या शंभरांपैकी ५५ मतदार दक्षिणेकडील आहेत व ४५ उरलेल्या देशातील. पंचावन्न जणांनी एकजुटीने आपल्याच पाच नावांपुढे खुणा केल्या, तर त्या प्रत्येक उमेदवारास ५५ मते मिळतील. दुसऱ्या बाजूच्या उमेदवारांस ४५ पलीकडे एकही मत मिळणे शक्य नाही. परिणाम असा, की निम्म्याहून थोड्या अधिक लोकांच्या हाती पाचच्या पाच जागा गेल्या आणि उरलेल्या पंचेचाळीस जणांच्या वाट्याला भोपळा आला! मतदान गुप्त झाले, मोजणी चोख झाली, कोणी कोणाला फसविले नाही. आणि तरीही फळ असे निघाले. म्हणून निवडणूक प्रामाणिक असणे आणि निवडणुकीची रीत योग्य असणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

यावर एक चतुर उपाय आहे. आपल्या राज्यसभेचे सदस्य विधानसभांचे आमदार याच उपायाने निवडतात. त्यास एकल संक्रमणीय मताची पद्धत म्हणतात. नाव अवजड आहे खरे, पण कल्पना सोपी आहे. प्रत्येक मतदाराला मत एकच. मात्र त्याने आपली पसंती क्रमाने लिहावयाची: हा माझा पहिला, हा दुसरा, हा तिसरा. निवडून येण्यास किती मते पुरेत, हे आधी काढतात. मतांच्या संख्येस जागांहून एक अधिक अशा संख्येने भागावयाचे आणि येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवावयाचा. आपल्या उदाहरणात १०० ला ६ ने भागले तर १६ येतात. त्यांत एक मिळविला की १७. सतरा मते हा कोटा झाला. एखाद्याला सतरांहून अधिक मते पडली तर वरची मते वाया न जाता त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे सरकतात. ज्याला अगदीच थोडी मते पडली तो बाद होतो आणि त्याचीही मते पुढे सरकतात. आता पुन्हा हिशेब करा. पंचावन्न मतांत सतरा तीनदा जातात, पंचेचाळीस मतांत दोनदा. जागा तीन आणि दोन अशा वाटल्या गेल्या. मतदार तेच, उमेदवार तेच. केवळ मोजण्याची रीत बदलली आणि भोपळ्याच्या जागी दोन जागा आल्या.

दुसरा मार्ग आहे तो जागा विभागवार बांधून देण्याचा: एक उत्तरेची, एक पूर्वेची, एक ईशान्येची, याप्रमाणे. हा मार्ग लोकांना फार आवडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण त्यात एक खोच आहे. ईशान्येच्या जागेसाठी मत कोणी द्यावयाचे? साऱ्या देशाने की केवळ ईशान्येने? साऱ्या देशाने द्यावयाचे ठरले, तर निवडून येणारा मनुष्य राहील ईशान्येत, पण त्याला निवडलेले असेल दुसऱ्यांनीच. ज्यांच्या मतांवर तो आला त्यांचेच मन तो राखणार, हे उघड आहे. तो प्रतिनिधी म्हणावा की नुसता रहिवासी? माझ्या मते विभागाची जागा विभागातील संघटनांनीच भरावी. अध्यक्ष, सरचिटणीस व खजिनदार ही पदे मात्र साऱ्यांच्या मतांनी भरावीत, कारण ती साऱ्यांची आहेत. अर्थात याही रीतीला विरोध करणारे जाणते लोक आहेत. अशाने प्रत्येक जण आपापल्या विभागापुरते पाहू लागतो आणि देशाचे कोणीच पाहत नाही, असे ते म्हणतात. आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. राज्ये लहानमोठी असताना मते सारखी का? अमेरिकेतील बुद्धिबळ संघटनेने याचे उत्तर निराळे दिले आहे. १९३९ साली दोन संघटना एकत्र येऊन ती संघटना बनली. तेथे राज्याच्या प्रतिनिधींची संख्या त्या राज्यातील सभासदांच्या प्रमाणात ठरते. कॅलिफोर्नियाचा व्याप एवढा मोठा की बुद्धिबळापुरती त्याची उत्तर व दक्षिण अशी दोन राज्येच मानली आहेत! जागतिक महासंघाची रीत याच्या नेमकी उलट. २० जुलै १९२४ रोजी पॅरिस येथे पंधरा देशांच्या प्रतिनिधींनी तो स्थापन केला; आणि तेथे एक देश, एक मत असा नियम आहे. एखाद्या चिमुकल्या बेटावरील देशाचे मत आणि भारताचे मत यांचे वजन सारखेच. २०१८ साली जॉर्जियातील बातुमी येथे झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १०३ विरुद्ध ७८ मतांनी निकाल लागला, तो याच रीतीने. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईला प्रतिनिधी जमले आणि आपले विश्वनाथन आनंद जागतिक महासंघाचे उपाध्यक्ष झाले, तेही याच रीतीने.

आपल्या राज्यघटनेने या दोन रीतींचा मेळ घातलेला तुम्हांस आढळेल. लोकसभेत महाराष्ट्राच्या जागा ४८ आणि गोव्याच्या २. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ आणि गोव्याची १. म्हणजे तेथे लोकसंख्येला मान आहे. परंतु कितीही लहान असले तरी राज्य अगदीच मुके राहत नाही.

समान मतांच्या रीतीत एक दोष मात्र आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जेथे एकेका राज्याची दोन मते निर्णायक ठरतात, तेथे त्या मतांना भाव येतो. राज्यात एकही स्पर्धा न घेता केवळ कागदोपत्री जिवंत राहणारी संघटनाही मतदानाच्या दिवशी मात्र हजर होऊ शकते. एकाच राज्यात दोन गट पडून दोघेही ‘आम्हीच खरे’ म्हणून दाराशी उभे राहिल्याची उदाहरणे खेळांच्या जगात दुर्मीळ नाहीत. म्हणून जाणती माणसे मतदानाच्या दिवसापेक्षा मतदारयादीच्या दिवसाला अधिक जपतात. यादी प्रसिद्ध करावयाची, तिच्यावर हरकती मागवावयाच्या, त्यांचा निकाल लेखी द्यावयाचा आणि मग यादी कायम करावयाची, हे काम रूक्ष खरे. पण ते घाईने उरकले की पुढचे सगळे फुकट. त्यानंतर निर्वाचन अधिकारी उमेदवारी अर्ज मागवितो. अर्जावर सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या लागतात. छाननी होते, माघार घेण्यास मुदत मिळते आणि मगच मतपत्रिका तयार होतात. निर्वाचन अधिकारी स्वतः उमेदवार नसावा, हे सांगावयास नकोच. तो उमेदवाराचा आप्त किंवा नोकरही नसावा, हे मात्र सांगावे लागते.

विभागांचे प्रतिनिधी आले म्हणजे सारे आले, असे मानण्याची चूक मात्र करू नये. १९७४ साली स्त्रियांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळात निष्णात. त्यांतील सर्वांत धाकट्या रोहिणी यांनी १९७६ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. तोवर एकही स्त्री त्या स्पर्धेत खेळली नव्हती. केवढी खळबळ उडाली! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद तर त्यांनी पाच वेळा मिळविले. तेरा वर्षांच्या मुलीला पटासमोर बसू द्यावे की नाही, हा प्रश्न खेळाच्या घरातच सुटावयास हवा होता. तो न्यायालयाच्या दारी जावा लागला, याचा अर्थ काय घ्यावयाचा?

२०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत केला. खेळांच्या राष्ट्रीय संघटनांची कार्यकारिणी पंधरा सदस्यांहून मोठी असू नये, तीत नामांकित खेळाडूंना स्थान असावे आणि निदान चार स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. आता वहीची एक कोरी बाजू काढा आणि खालील कोडे सोडवून पाहा.

एका खेळाच्या संघटनेने देशाचे पाच विभाग पाडले आहेत. प्रत्येक विभागाने आपले दोन प्रतिनिधी स्वतःच निवडून पाठवावयाचे, म्हणजे दहा झाले. अध्यक्ष, सरचिटणीस व खजिनदार हे तिघे साऱ्यांच्या मतांनी, तेरा झाले. दोन जागा नामांकित खेळाडूंच्या, पंधरा भरल्या. आता चार स्त्रिया याच पंधरांत बसवावयाच्या आहेत, कारण सोळावी खुर्ची मांडता येत नाही. प्रत्येक विभागाने एक पुरुष व एक स्त्री पाठवावी असे ठरविले तर पाच स्त्रिया येतात आणि प्रश्न सुटतो. पण एखादा विभाग म्हणाला, ‘आमच्या सभासदांनी मोकळेपणाने मत देऊन दोन पुरुष निवडले आहेत, ते तुम्ही कसे नाकारता?’ तर त्याला काय उत्तर द्याल? पाचही विभाग तसेच म्हणाले तर? वर्गात पाच गट करा, प्रत्येक गटाने एक विभाग घ्यावा आणि आपले म्हणणे मांडावे. निकाल मतदानाने लावा. मात्र मतदान कोणत्या रीतीने घ्यावयाचे, ते आधी ठरवून फळ्यावर लिहा.